डोळा, डोया, डोरा

मे महिन्यातली दुपार. नवतपा लागलेला, लाईन गेलेली, कुलर बंद. ओसरीच्या दाराला ओलं पोतं लावलं होतं आणि त्या गारव्यात माझा भाचा पालथा पडून पोकेमॉनचा गेम खेळत होता. दर उन्हाळ्यात तो पुण्याहून आमच्या गावी, दर्यापूरच्या बाजूला, महिनाभर राहायला येतो. बॅगेत कपडे दोन कमी आले तरी चालतात, गेम खेळायचा निन्टेन्डो स्विच मात्र लागतोच.

“आत्या, झिगझगून सापडला,” तो म्हणाला. मग जरा हिरमुसून, “पण हा खरा नाहीये.”

मी वाकून पाहिलं. काळं-पांढरं, केस पिंजारलेलं, जीभ बाहेर काढलेलं एक जनावर पडद्यावर नागमोडी धावत होतं.

“खरा नाही म्हणजे कसा?”

“खरा तपकिरी असतो ना. हा गॅलारचा आहे.”

माय बाजूलाच सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. त्या खेळातलं तिला काही कळत नाही, पण नातवाचं एकही वाक्य तिच्या कानातून सुटत नाही. सुपातली नजर न काढता ती म्हणाली, “थो बी खराच असन ना बाबू. पयून राह्यला त.”

“पयून म्हणजे?” त्यानं मला विचारलं.

“पळून,” मी सांगितलं.

एवढंच झालं. तो पुन्हा खेळात गेला, माय डाळीत. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य घर करून बसलं.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोकेमॉनचे पहिले खेळ फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात आले. ते ज्यांच्या डोक्यातून निघाले ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे, आणि गवतात हात घालून काहीतरी जिवंत सापडण्याचा तो आनंद त्यांना खेळात आणायचा होता. तेव्हा या प्राण्यांच्या १५१ जाती होत्या, आज हजाराच्या वर आहेत. आमच्यापर्यंत ते पोचले २००३ मध्ये, टीव्हीवर, हिंदी बोलत. गावात केबल नव्हती. उन्हाळ्यात अमरावतीला मावशीकडं गेलो की मी आणि भाऊ कार्टून नेटवर्कसमोरून उठायचो नाही. मी दहा वर्षांची होते आणि मला त्या कथेपेक्षा त्या प्राण्यांच्या याद्या जास्त आवडायच्या. वहीत रेघा आखून मी त्यांची नावं, रंग आणि राहण्याची जागा लिहायचे. प्रत्येक प्राणी कुठं राहतो, काय खातो, कशाला भितो, हे कुणीतरी विचार करून ठरवलंय, याचं मला फार नवल वाटायचं. आजही वाटतं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये सन आणि मून हे खेळ आले आणि त्यांत या प्राण्यांची प्रादेशिक रूपं पहिल्यांदा दिसली. अलोला नावाची बेटं, हवाईवर बेतलेली. तिथं गेल्यावर पहिल्या १५१ मधले ओळखीचे प्राणी भेटत, पण बदललेले. आगीची व्हलपिक्स बर्फाची झालेली. जमीन उकरणारा सँडश्रू बर्फाच्या डोंगरावर गोठलेल्या खवल्यांनिशी फिरणारा. अशी अठरा रूपं होती. पुढं गॅलार आलं, इंग्लंडसारखं. मग जुन्या काळातलं हिसुई. मग पाल्देआ, स्पेनच्या अंगानं जाणारं. प्रत्येक प्रदेशानं आपापली रूपं आणली, आणि बऱ्याच रूपांमागं कारण दिलं. मला गोडी लागली ती त्या कारणांची.

उंदराचंच घ्या. रटाटा हा पहिल्या खेळातला जांभळा उंदीर, दिवसाउजेडी गवतात सापडणारा. अलोलात तो काळा झाला, रात्रीचा झाला, गावात घुसून लोकांच्या घरातलं चोरून खाऊ लागला. का? तर उंदीर फार माजले म्हणून तिथल्या लोकांनी बाहेरून यंगूस नावाचा प्राणी आणला. यंगूस दिवसा शिकार करतो. मग उंदरांनी दिवसच सोडून दिला.

हे कुणी मनानं रचलेलं नाही. हवाईत खरोखर असं घडलंय. उसाच्या मळ्यात उंदरांनी धुमाकूळ घातला म्हणून १८८३ मध्ये तिथल्या मळेवाल्यांनी जमैकाहून मुंगसं आणून सोडली. मुंगूस दिवसा फिरतं, उंदीर रात्री. दोघांची गाठ पडायची तशी पडलीच नाही, आणि मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. आता जमैकात मुंगसं आली कुठून? आपल्याकडून. १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ मुंगसं जहाजानं जमैकाला नेली होती. त्या नऊंची पोरंबाळं पुढं हवाईला गेली आणि तिथून, शेकडो वर्षांनी नव्हे, दीडशे वर्षांच्या आत, एका जपानी खेळात यंगूस होऊन बसली.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो उठून बसला. आमच्या बांधावरून मुंगूस गेलं की माय आजही थांबते. मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो असं ती मानते. आपल्या बांधावरच्या त्या प्राण्याचा भाऊबंद समुद्रापलीकडं जाऊन उंदराची रात्र आणि दिवस बदलून आला, हे ऐकल्यावर ती म्हणाली, “त्याले बिचाऱ्याले नेलं काहून पन तिकडं?” मला उत्तर देता आलं नाही. उंदीर बदलला याची गोष्ट सगळे सांगतात. मुंगसाला कुणी विचारलं नाही हे मायला आधी दिसलं.

आता झिगझगूनकडं येते, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

तपकिरी झिगझगून २००२ च्या खेळात आला. काळा-पांढरा आला २०१९ मध्ये, सतरा वर्षांनी. साहजिकच सगळ्यांनी, माझ्या भाच्यानं, मीही, तपकिरी तो मूळ आणि काळा-पांढरा ती त्याची गॅलारची आवृत्ती असं धरलं. पण खेळातल्या माहितीकोशात स्वच्छ लिहिलंय की गॅलारचा झिगझगून हे या प्राण्याचं सर्वांत जुनं रूप मानलं जातं. म्हणजे जो नंतर भेटला तो आधीचा होता. आपण आधी भेटलो त्याला आपण मूळ म्हटलं, एवढंच.

आणि नाव पाहा. तपकिरीला नुसतं ‘झिगझगून’ म्हणतात. त्याच्यामागं गाव लागत नाही. जुना असूनही काळा-पांढऱ्याला मात्र ‘गॅलारचा’ हे नुसतं ओळख पटवण्यासाठी जन्मभर वागवावं लागतं.

मी जे बोलत मोठी झाले त्याला ‘वऱ्हाडी’ म्हणतात. पुण्यात बोलतात त्याला नुसतं ‘मराठी’ म्हणतात.

याचा राग धरून मी लिहीत नाही. हा लेखही मी त्या नुसत्या मराठीतच लिहितेय, आणि ती माझी आहे, माझ्या प्रेमाची आहे. पण आमच्या जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, ऋद्धिपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते तिथं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि आता मराठी भाषेचं विद्यापीठही त्याच गावात आहे. त्या ग्रंथाची भाषा म्हणजे आजची वऱ्हाडी असं मी म्हणणार नाही, सातशे वर्षांत कुठलीच बोली जागेवर राहत नाही. पण शाळेत ‘तुमची भाषा बिघडलेली आहे’ असं ऐकत वाढलेल्या मुलीला, मराठीचं पहिलं गद्य आपल्या घरापासून दोन-अडीच तासांवर लिहिलं गेलं हे तिशीत कळावं, याचं मला वाईट वाटतं. ते पाचवीत कळायला हवं होतं.

अलोलाच्या लोकांचं याबाबतीत मला कौतुक वाटतं. त्यांच्याकडं एक्झेग्यूटर नावाचं चालतं-बोलतं नारळाचं झाड आहे. बाकी प्रदेशांत ते २ मीटर उंच. अलोलाच्या उन्हात ते १०.९ मीटर वाढतं, माना आभाळात. आणि तिथले लोक अभिमानानं सांगतात की एक्झेग्यूटर असाच दिसायला हवा, हेच त्याचं खरं रूप. किती साधी गोष्ट आहे ही. माझ्या उन्हात जे वाढलं ते खरं.

उन्हावरून आठवलं. डिअरलिंग नावाचं हरीण २०१० च्या खेळात आलं. ऋतू बदलला की त्याच्या अंगाचा रंग बदलतो. वसंतात गुलाबी, उन्हाळ्यात हिरवं, शरदात नारिंगी, हिवाळ्यात तपकिरी. ते आमच्या शिवारात आणलं तर सगळी घडी विस्कटेल. आमच्याकडं उन्हाळ्यात हिरवं काय असतं? फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा ते नारिंगी होईल, मे महिन्यात नांगरून तापत पडलेल्या काळ्या ढेकळांच्या रंगाचं, आणि पहिला पाऊस पडून पराटी, म्हणजे कपाशी, वितभर वर आली की मग कुठं हिरवं. ते हरीण दुसऱ्याच देशाच्या ऋतूंचं आहे. विदर्भाचं डिअरलिंग अजून कुणी काढलेलं नाही, मी वहीत काढून ठेवलंय.

माय मूळची साकोलीकडची. भंडारा जिल्हा म्हणजे तलावांचा जिल्हा. त्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. गावोगाव मालगुजारांनी बांधलेले जुने तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, त्यांच्याखाली धानाची बांधी, जेवणात भात आणि मासोळी. हिवाळ्यात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, वेळी रात्र-रात्र नाटकं. त्या पाण्यातून उठून ती लग्न करून आली ती तीनेकशे किलोमीटरवर, दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात. इथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन कापूस-तूर-हरभरा भरभरून देते, पण जमिनीखालचं पाणी खारट. माय सांगते, पहिल्या दिवशी तिनं घोट घेतला आणि तिला वाटलं कुणीतरी चेष्टेनं मीठ टाकलंय.

पाल्देआच्या खेळात वूपर आहे. निळा, गुळगुळीत, पाण्यात राहणारा साधाभोळा जीव, जुन्या खेळांपासूनचा. पाल्देआत त्याच्या पूर्वजांना पाण्यातली जागा सोडावी लागली, जागेच्या भांडणात ते हरले. मग ते जमिनीवर राहायला आले, आणि उघड्यावर अंग जपण्यासाठी त्यांच्या कातडीवर विषारी थर चढला. रंग मातकट झाला. भाच्यानं मला तो दाखवला तेव्हा मी बराच वेळ त्या चिखलातल्या तोंडाकडं बघत राहिले. चेहरा तोच होता. हसणंही तेच.

मायचं पाणी सुटलं तशी तिची बोलीही दडली. ती कशी ते एका अक्षरावरून सांगते.

‘ळ’. पुण्यात डोळा, काळा, फळ. वऱ्हाडीत या ‘ळ’चा ‘य’ होतो. डोया, काया, शाया. मायनं नातवाला ‘पयून’ म्हटलं ते त्यामुळं. झाडीबोलीत त्याच ‘ळ’चा ‘र’ होतो. डोरा, कारा, फर. वर्धा नदीच्या अलीकडं एक रूप, वैनगंगेच्या खोऱ्यात दुसरं. खेळातही अशी एक गोगलगाय आहे, शेलॉस. २००६ च्या खेळातली. मधे एक मोठा डोंगर, माउंट कोरोनेट. त्याच्या पश्चिमेला शेलॉस गुलाबी, पूर्वेला निळी. आमच्या मधे डोंगर नाही, नदी आहे. पण तिच्या एका अंगाला वऱ्हाड, जे निजामाचं होतं आणि १८५३ मध्ये त्यानं इंग्रजांकडं सोपवलं, आणि दुसऱ्या अंगाला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. एवढी वर्षं वेगळे धनी, वेगळे बाजार, वेगळ्या सोयरिकी. एका अक्षराचे दोन रंग झाले तर त्यात नवल नाही.

माय नवी नवरी म्हणून विहिरीवर गेली आणि ‘कारा घडा’ म्हणाली, तेव्हा बाया इतक्या हसल्या की तिनं घरी येऊन दोन दिवस तोंड उघडलं नाही. वर्षभरात ती ‘काया’ म्हणू लागली. माझ्या जन्मापर्यंत तिच्या बोलण्यात साकोलीचं काही उरलं नव्हतं, निदान आम्हाला ऐकू येण्याइतकं नाही. आमची माय आम्हाला वऱ्हाडीच वाटायची.

मीही पुढं तेच केलं. शिकायला पुण्याला गेले. पहिल्या आठवड्यात वर्गात उभी राहून मी ‘मले वाटते’ म्हणाले आणि मागच्या बाकांवरून हसू आलं. शिकवणाऱ्यांनी हसणाऱ्यांना काही म्हटलं नाही. मला म्हणाले, आधी मराठी नीट बोलायला शीक. पुढचे चार महिने मी वर्गात बोललेच नाही. बोलले तेव्हा ‘मला’ म्हणाले. दिवाळीला घरी आले आणि चुलीजवळ बसून मायला म्हटलं, “मला थोडं पाणी दे.” तिनं माझ्याकडं पाहिलं, तांब्या भरून दिला आणि म्हणाली, “पुन्याची झाली व्हय माही पोरगी.” तिच्या आवाजात राग नव्हता. ओळख होती. ते तिनं आधी स्वतः केलेलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेलॉसच्याच खेळात बर्मी नावाचा किडा आहे. आमच्या बाभळींवर काड्यांची पिशवी अंगावर घेऊन लटकणारा किडा सगळ्यांनी पाहिलाय, तसाच. बर्मी जिथं झुंज खेळतो तिथल्या वस्तूंचं पांघरूण करतो. गवतात असेल तर पाना-काड्यांचं, गुहेत असेल तर वाळू-मातीचं, घरात असेल तर केरकचऱ्याचं. जागा बदलली की पांघरूण बदलतं. पण वाढून त्याचं रूपांतर व्हायची वेळ येते तेव्हा नर आणि मादी वेगळ्या वाटेनं जातात. नराला पंख फुटतात, तो मॉथिम होतो, आणि सगळे मॉथिम एकसारखेच. पांघरुणाची खूणसुद्धा मागं उरत नाही. मादी वर्माडम होते, आणि त्या क्षणी अंगावर जे पांघरूण असेल ते तिला कायमचं चिकटतं. नंतर कुठंही गेली तरी ते निघत नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खेळ बाजूला ठेवला. भाऊ पुण्याला गेला, पुण्याचाच झाला, तिथलं बोलणं त्याला कधी बोचलं नाही. माय मात्र मला वर्माडम वाटली. लग्नाच्या वेळी, विहिरीवर, जे अंगावर चढलं ते चढलं. अनेक वर्षं मी हेच धरून चालले होते.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरीच्या पोरांच्या वहीत ‘डोया’ येतं, ‘शाया’ येतं. पहिली काही वर्षं मी लाल पेनानं ते खोडायचे आणि वर ‘डोळा’ लिहायचे. एका मुलीनं मला विचारलं होतं, “मॅडम, माह्या आजीचा डोया चूक हाय का?” त्या दिवसापासून मी खोडत नाही. शेजारी लिहिते. दोन्ही वाचून घेते. पुण्याची चाचणी असो की मुंबईची मुलाखत, पोरांना ‘डोळा’ यायलाच हवा, यात मला शंका नाही. तो शिकवण्यासाठी ‘डोया’ मारावा लागत नाही, एवढं मला त्या मुलीनं शिकवलं.

(एक सांगायचं राहिलं. याच खेळांत अनओन नावाचा प्राणी आहे, अक्षरांच्या आकाराचा. इंग्रजीची २६ अक्षरं, पुढं उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह धरून २८ रूपं. भाच्यानं नि मी एका संध्याकाळी ‘ळ’चा अनओन काढला. त्या दोन गोल पोटांमध्ये एक डोळा काढायला कुठं जागा करायची यावर आमचं बरंच चाललं. शेवटी डाव्या पोटात काढला.)

जूनच्या सुरुवातीला मायच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. अमरावतीला गेलो, भाचाही सोबत. तरुण डॉक्टर मुलीनं विचारलं, “आजी, काय त्रास होतो?” माय खुर्चीत सरळ बसली आणि म्हणाली, “डाव्या डोळ्याने धुरकट दिसतं, डॉक्टर. रात्री दिव्याभोवती कडं दिसतं.” स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. डोळ्याने. दिसतं. माझ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून ‘ळ’ ऐकला नव्हता. तो तिला येत होता. इतकी वर्षं कुठंतरी घडी करून ठेवलेला, दवाखान्यासाठी, कचेरीसाठी, पांढऱ्या कोटासमोर काढायचा.

बाहेर येऊन गाडीत बसली आणि म्हणाली, “डोयाले पानी लावू नोको म्हने आठ दिवस.”

भाचा माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “आत्या, आजी म्याऊथ आहे.”

म्याऊथ हे मांजर. त्याची तीन रूपं आहेत. पहिल्या खेळातलं, कपाळावर सोन्याचं नाणं असलेलं. अलोलातलं राखाडी, कधीकाळी राजघराण्याला भेट म्हणून नेलेलं, राजवाड्यात लाडात वाढून मिजासखोर झालेलं. आणि गॅलारचं दांडगं, दर्यावर लढणाऱ्या लोकांसोबत राहून ज्याचं कपाळावरचं नाणं काळ्या लोखंडाचं झालं. तीन प्रदेश, तीन रूपं. पण ती तीन वेगळी मांजरं आहेत, मी त्याला म्हटलं. आजी एकच आहे. तो विचारात पडला आणि बडनेऱ्याच्या पुलापर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, “मग कास्टफॉर्म.” कास्टफॉर्म हा टीचभर प्राणी, ऊन पडलं की एक रूप, पाऊस आला की दुसरं, बर्फ पडला की तिसरं. हवा बदलली की तोही बदलतो, आणि हवा निवळली की आपल्या मूळ रूपात परत येतो.

“पण आजीचं निवळल्यावरचं रूप कुठलं?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, वऱ्हाडी. मला तसंच वाटत होतं.

साकोलीहून मामाचा फोन येतो तो आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी. माय तो नेहमी मागच्या खोलीत जाऊन घ्यायची, दार लोटून, हलक्या आवाजात. आम्ही पोरं लहान होतो तेव्हापासून हे असंच, आधी गावातल्या एसटीडी बूथवर पाठमोरी उभी राहून, मग मोबाइलवर. भाऊ-बहिणीचं बोलणं, त्यात आम्ही कधी डोकावलो नाही.

ऑपरेशननंतरच्या रविवारी फोन आला तेव्हा तिला उठायची मनाई होती. ओसरीतल्या बाजेवर ती काळा चष्मा लावून पडलेली. लाईन गेलेली होती, घर शांत होतं. फोन मीच तिच्या हातात दिला. ती क्षणभर थांबली, मागच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं, मग उशीवर मान वळवून भिंतीकडं तोंड केलं आणि बोलू लागली. अगदी हळू. मी भाजी निवडत होते, भाचा खाली चटईवर खेळत होता. त्याचा हात थांबला.

“हव गा भाऊ. बरी आहो. कारा चष्मा देल्ला…”

मी पहिल्यांदा ऐकलं ते. इतकी वर्षं तिनं दर आठवड्याला लोटलेल्या दारामागं जे उघडलं आणि पुन्हा झाकून बाहेर आली ते. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं, मी बोटानं त्याला गप्प बसवलं. ती धानाच्या परह्याबद्दल, म्हणजे रोपांबद्दल, विचारत होती, तलावात पाणी किती आहे विचारत होती, मधेच हसत होती, आणि ते हसणंसुद्धा आम्हाला ठाऊक असलेलं नव्हतं, जरा लांबवलेलं, शेवटाला वर जाणारं.

तेवढ्यात लाईन आली. ओसरीतला जुना कुलर धडाधडा सुरू झाला. मामाला काही ऐकू येईना. मी कुलर बंद करायला उठले, तर मायनं हातानंच मला थांबवलं, पोराला गरम होतंय म्हणून भाच्याकडं बोट दाखवून, चालू राहू दे अशी खूण केली. मग ती भिंतीकडून वळली, पाठीवर झाली, आणि त्या आवाजाच्या वर, सगळ्या ओसरीला, अंगणात शेण सारवणाऱ्या शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“डोरा, गा! डोरा म्हन्तो मी! डोरा बरा आहे!”